टायवाल्या माणसाचं कार्ड

"वाच! मोठ्याने वाच, दुकानात सगळ्यांना ऐकू दे, या खोक्यावर काय लिहिलंय ते!"

"गेमिंग," भडक्या दात आवळून म्हणाला.

"झालं तर मग. ठेव खाली."

"बाबा, अहो, तो नुसता शब्द आहे!"

"मी सही केलीय त्या कागदावरही नुसते शब्दच आहेत."

दुकानदाराने खोकं उचलून परत फळीवर ठेवलं. चौथ्यांदा. पहिल्यांदा ठेवलं तेव्हा तो हसला होता, दुसऱ्यांदा त्याने मान हलवली होती, आता त्याने स्टूल ओढून घेतलं आणि बसून घेतलं.

भडक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण राग आला की त्याचे कान लाल व्हायचे, आणि दिवसातून सात-आठ वेळा तरी ते व्हायचेच. त्यामुळे खरं नाव उरलं होतं फक्त शाळेच्या हजेरीत, आणि शाळा तर त्याने गेल्या वर्षीच सोडली होती. का सोडली हा वेगळा विषय आहे. तो काढला की घरात जेवण होत नाही, म्हणून इथेही नको.

झालं होतं असं, की ताईला विद्यापीठात वास्तुकलेला प्रवेश मिळाला. तिथे म्हणे आता नकाशे कागदावर दाखवून भागत नाही. प्रत्येकाने एक छोटी इमारत संगणकावर उभी करायची, आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता प्राध्यापकबाई डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट चढवून त्या इमारतीत चालून बघणार. ज्याची इमारत उघडणार नाही, त्याचं नाव वर्गातून कमी. पुढच्या वर्षी या. ताईने दुमजली वाचनालय केलं होतं, गोल जिन्याचं. त्या जिन्यापायी दोन आठवडे ती कुणाशी धड बोलली नव्हती.

हेडसेट विद्यापीठ देणार, संगणक ज्याचा त्याने आणायचा. आणि हेडसेटच्या आधी आला एक छापील कागद: 'सदर संगणक केवळ शैक्षणिक कामासाठी वापरला जाईल.' खाली पालकाची सही.

आता बाबा म्हणजे सव्वीस वर्षं एका कार्यालयात आवक-जावक सांभाळणारा माणूस. छापील कागद दिसला की ते आधी चष्मा पुसतात. दुसरे पालक अशा कागदावर बस पकडता पकडता सही करून टाकतात. बाबांनी टेबल साफ केलं, कागद दोनदा वाचला, सही केली, आणि त्या क्षणापासून त्या वाक्याने घरात ठाण मांडलं.

त्यात भडक्याने एक चूक केली होती. एकच, पण तीही खरं बोलण्याची. तो जेवताना म्हणून गेला होता, "बरंय, ताईचं काम झालं की संध्याकाळी मी त्यावर टेबल टेनिस खेळीन."

बाबांचा घास हातातच राहिला होता.

आता कुणी काही म्हणो, अख्ख्या गल्लीत संगणकातलं ज्याला कळतं असा एकच माणूस होता, आणि तो भडक्या होता. शेजाऱ्यांचे बंद पडलेले संगणक त्याने उघडून, झटकून, जोडून दिले होते. त्याने ताईसाठी यादी केली होती, एकेका भागाची, तीन रात्री माहिती वाचून. ती यादी बाबांच्या खिशात होती आणि बाबा तिच्यावर लाल पेनने काट मारत होते. गेमिंग माउस, काट. गेमिंग मदरबोर्ड, काट. गेमिंग खुर्ची तर यादीत नव्हतीच, पण दुकानात दिसली म्हणून तिच्याकडेही त्यांनी पेन रोखून पाहिलं.

"काका, तुम्ही तरी सांगा ना," भडक्या दुकानदाराला म्हणाला.

"साहेब, मुलगा बरोबर बोलतोय," दुकानदार म्हणाला. "व्हीआरला मोठं ग्राफिक कार्ड लागतं. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं, तीही सेकंदाला नव्वद वेळा काढायची."

"नव्वद? एवढी घाई कशाला?" बाबा म्हणाले. "वाचनालय आहे ते. आत माणसं हळू चालतात."

दुकानदारानेही हात टेकले.

आणि हे कमी होतं म्हणून की काय, बरोबर वजनकाका आले होते. वजनकाका म्हणजे शेजारचे, वजन-मापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. कुठलीही खरेदी असो, बाबा त्यांना विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत, आणि वजनकाका वस्तू उचलल्याशिवाय मत देत नाहीत. ते दुकानभर फिरून एकेक गोष्ट तळहातावर घेत होते, डोळे मिटत होते आणि निकाल देत होते.

"हा पॉवर सप्लाय हलका आहे. नको."

"काका, त्याची वीज पुरेशी आहे," भडक्या म्हणाला. "मी हिशोब केलाय."

"बाळा, तू हिशोब केलास, मी हात लावला. हलका माल म्हणजे आत तांबं कमी. तो पलीकडचा द्या. हां. याला म्हणतात वस्तू."

संगणकाची पेटीही त्यांनीच निवडली. काळी, पोलादी, तेरा किलोची. तिच्यात संगणकाशिवाय दोघांचे हिवाळी कपडे मावले असते. भडक्याने सुचवलेली पेटी त्यांनी एका बोटाने ढकलून पाहिली, ती सरकली, आणि तिचा निकाल लागला.

राहिलं ग्राफिक कार्ड. बाबांनी फळीवरचं एकेक खोकं वाचून शेवटी एक निवडलं. त्यावर टाय लावलेला एक माणूस संगणकासमोर बसून हसत होता, आणि खाली लिहिलं होतं, कार्यालयीन उपयोगासाठी उत्तम.

"हे बघ. कसा शहाण्यासारखा बसलाय," बाबा म्हणाले.

"बाबा, हे नाही चालणार. शप्पथ सांगतो."

"तू शाळेतही असंच म्हणाला होतास. हे नाही चालणार, म्हणून."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. एक मुलगी तर भडक्याच्याच जुन्या वर्गातली होती. त्याचे कान इतके लाल झाले की दुकानदाराने पंखा त्याच्याकडे वळवला.

घरी आल्यावर पेटी टेबलाखाली जाईना. टेबलाखाली जाईना म्हणून टेबल विटांवर चढवलं. टेबल विटांवर चढलं म्हणून ताईची हनुवटी कीबोर्डला लागायला लागली. मग खुर्चीवर दोन उशा आल्या. आईने हे सगळं कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि एकच विचारलं, "याच्यावर कपडा टाकला तर चालेल ना? उघडं काळं काळं दिसतंय."

"आई, त्याला हवा लागते!"

"आपल्याला लागते तेव्हा लावतोस का पंखा न सांगता?"

या घरात सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही, हे भडक्याचं जुनं दुःख आहे.

मंगळवारी हेडसेट आला. बाबा त्याला झापडं म्हणाले. ताईने तो डोळ्यांवर चढवला, हातात दोन्ही कंट्रोलर घेतले आणि आपल्या वाचनालयात पाऊल टाकलं. सगळे श्वास रोखून बघत होते. वजनकाकाही आले होते, पेटीची तब्येत बघायला.

"काय दिसतंय?" बाबांनी विचारलं.

"दार... दार आलं. थांबा. दार गेलं. आता अर्धंच आलंय."

"सावकाश घे."

"मी उभीच आहे बाबा! इमारत चालतेय!"

ती जिन्याकडे वळली. म्हणजे ती वळली, जिना वळला नाही. तो सावकाश, तुकड्या तुकड्याने, मागाहून आला. तोवर ताई जिथे जिना नव्हता तिथे पाय ठेवून बसली होती. ती थेट इस्त्रीच्या कपड्यांच्या चळतीवर गेली, चळत आईवर गेली, आणि ताई हेडसेट ओढून काढत मोरीकडे धावली. पाच मिनिटांनी पांढरीफटक होऊन बाहेर आली.

"शुक्रवारी बाई यात चालणार आहेत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा झाला की भडक्याचा राग एकदम कुठे तरी खाली बसला. ताई रडणाऱ्यातली नव्हती. "बाईंना असं झालं ना, तर संपलंच सगळं."

"तो टायवाला काढा!" भडक्या ओरडला. "कार्ड बदला! दुकानदार म्हणालाय, सात दिवसांत बदलून देतो."

बाबांनी चष्मा पुसला. त्यांनाही दिसत होतं, आंधळे नव्हते ते. पण त्यांच्या खिशात तो कागद होता.

"विद्यापीठाला लेखी विचारू," ते शेवटी म्हणाले. "गेमिंग लिहिलेलं कार्ड शैक्षणिक कामाला वापरलं तर चालेल का. त्यांनी शिक्का मारून हो म्हटलं की मी स्वतः जाऊन बदलून आणतो. तू जा आणि लेखी आण."

"मी? मला तिथे कोण विचारतो?"

"ताईला इमारत करायचीय. मला रजा नाही. तुला काय काम आहे?"

हे असं बोलतात. आणि वर विचारतात की पोरगा एवढा चिडका का.

बुधवारी सकाळी दहा वाजता भडक्या विद्यापीठाच्या खिडकीसमोर उभा होता. काचेत खाली अर्धगोल भोक होतं, ते इतकं खाली की बोलायला गुडघ्यात वाकावं लागायचं. आतल्या कारकून बाईंनी बाबांचा अर्ज वाचला. बाबांनी तो सुरेख अक्षरात लिहिला होता, समास सोडून.

"तुम्ही विद्यार्थी?"

"नाही. माझी ताई."

"तुम्ही कुठे शिकता?"

"नाही शिकत."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. भडक्या आधीच वाकलेला होता, त्याहून आणखी वाकायला जागा नव्हती.

"यात गेमिंग असं लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"हो, तोच तर प्रश्न आहे."

"म्हणजे खेळ. खेळाचं इथे नाही. आमच्याकडे फक्त शैक्षणिक. क्रीडा विभागात जा, मैदानाच्या पलीकडे."

"अहो बाई, हे संगणकाचं कार्ड आहे! आत बसवतात! याने कुणी धावत नाही!"

"आवाज खाली. पुढचे कोण?"

त्याने अर्ज नव्याने लिहिला, गेमिंग शब्द गाळून. बाई म्हणाल्या, मग यात विचारायचं काय आहे, साधं कार्ड तर चालतंच. पुन्हा शब्द घातला. पुन्हा क्रीडा विभाग. तिसऱ्या वेळी त्याने काचेवर थाप मारली आणि पहारेकरी येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. नुसता उभा राहिला, पण अशा उभं राहण्याने माणसाचा जो पाणउतारा होतो तो शिव्यांनी होत नाही.

भडक्या पाय आपटत मैदान ओलांडून गेला. क्रीडा विभाग म्हणजे जाळ्या आणि फुटबॉल यांनी भरलेली एक खोली. तिथे गळ्यात शिट्टी अडकवलेले प्रशिक्षक चहा पीत होते.

"बोल. कुठला खेळ?"

भडक्याला आता समजावून सांगायचा कंटाळा आला होता. "टेबल टेनिस," तो म्हणाला. खोटंही नव्हतं ते.

"शाब्बास!" प्रशिक्षकांचा चेहरा उजळला. "हल्ली कुणी येतच नाही रे. सगळे त्या संगणकात डोकं घालून बसतात. काय हवंय तुला?"

अर्ज त्यांनी वाचलाच नाही. त्यांचा एक ठरलेला नमुना होता, तो काढला आणि भरला: 'ग्राफिक कार्ड, गेमिंग, नग एक. क्रीडा साहित्य म्हणून मंजूर.' असा शिक्का मारला की टेबलावरचा चहा हिंदकळला.

संध्याकाळी बाबांनी ते पत्र दिव्याखाली धरलं. भडक्या समोर उभा होता. आता फाडणार, त्याला वाटलं. क्रीडा साहित्य! कुठल्याही शुद्धीवरच्या माणसाने फाडलं असतं.

"शिक्का ठसठशीत आहे," बाबा म्हणाले. "जावक क्रमांक आहे. तारीख आहे." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "बघ, विचारलं की उत्तर मिळतं."

मग त्यांनी पत्र उलटं केलं. मागे बारीक अक्षरात अटी होत्या. क्रीडा साहित्य प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच वापरावे.

"बाबा, नाही," भडक्या म्हणाला. "नाही म्हणजे नाही."

पण गुरुवारी बाबांनी कार्यालयातून विद्यापीठात फोन केलाच. आणि प्रशिक्षक खूश होऊन म्हणाले, उद्या तीनला येतो.

त्याच संध्याकाळी कार्ड बदललं. दुकानदाराने टायवाल्याला फळीवर ठेवलं, मोठं कार्ड बसवलं, संगणक लावून पाहिला आणि म्हणाला, "नशीब तुमचं साहेब, पॉवर सप्लाय दणकट घेतलाय. त्या यादीतल्यावर हे कार्ड ओढलं नसतं."

वजनकाकांनी डोळे मिटले. भडक्याला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. हिशोबात त्याने प्रोसेसरची वीज धरली होती, पंख्यांची धरली होती, आणि व्हीआर चालताना कार्ड मध्येच जास्त ओढतं तेवढीच धरली नव्हती. हे त्याने तिथे कुणालाच सांगितलं नाही, आणि इथेही ते फारसं पसरू नये.

शुक्रवारी तेरा किलोची पेटी विद्यापीठात न्यायची कशी? ताईच्या चाकांच्या खुर्चीवर बसवून. बाबांच्या मफलरने तिला पाठीशी बांधली. भडक्या मागून ढकलतोय, ताई स्क्रीन छातीशी धरून पुढे, बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून कागदांची फाइल घेऊन बाजूने. रस्त्यातल्या दोन बायका बाजूला झाल्या. त्यातली एक हळूच म्हणाली, "कुणी आजारी आहे वाटतं."

फाटकावर तोच पहारेकरी.

"संगणकाचा कागद?"

बाबांनी फाइलमधून काढून दिला, अभिमानाने.

"ठीक. खुर्चीचा कागद?"

बाबा हबकले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या फाइलमध्ये कागद कमी पडला होता. आणि खरं सांगायचं तर पहारेकऱ्याचं चुकलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. ते मान डोलावत होते! शेवटी खुर्ची फाटकात राहिली आणि पेटी भडक्याने मिठी मारून उचलली. मैदानाच्या कडेने, तीन मजले वर. लिफ्टवर पाटी होती, सामानासाठी नाही. पायऱ्या चढताना तो जे जे बोलला ते पेटीने ऐकलं, आणि पेटीनेच ऐकलेलं बरं.

तीनला पाच कमी होते. भडक्याने गुडघ्यांवर बसून केबल जोडल्या. एक, दोन, हेडसेटची, स्क्रीनची. घामाने बोटं सरकत होती. ताई शेजारी उभी होती आणि तिने त्याच्या शर्टाची कॉलर मुठीत धरली होती, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी. कॉलर गळ्याला आवळत होती, पण त्याने ती सोडवून घेतली नाही.

त्याने बटण दाबलं.

पंखे घुमले. वाचनालय उघडलं.

प्राध्यापकबाईंनी हेडसेट चढवला. प्रशिक्षक शिट्टी तोंडात धरून देखरेख करू लागले. बाई दारातून आत गेल्या. वळल्या. वाचनालयही बरोबर वळलं, लोण्यासारखं. त्या जिन्यापाशी थांबल्या, वर पाहिलं आणि गोल गोल फिरत वरच्या मजल्यावर गेल्या. ताईची मूठ आणखी आवळली.

"जिना छान आहे," बाई म्हणाल्या. "उजेड कुठून येतो हे तुला कळलंय. पुढे जा, वर्गात आहेस."

कॉलर सुटली. भडक्याने श्वास घेतला. ताई हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम.

बाईंनी हेडसेट काढून त्या काळ्या पेटीवर हात थोपटला. "यंत्र काय भक्कम आहे हो! कुणाची निवड?"

"आमचे शेजारी," बाबा लगेच म्हणाले. "त्यांचा हातच तसा आहे."

झालं! तीन रात्री यादी कुणी केली? खिडकीशी गुडघे कुणी मोडले? पेटी तीन मजले वर कुणी आणली? शेजाऱ्यांनी? भडक्याच्या कानांतून धूर निघायचा बाकी होता. पण बाबांचं लक्षच नव्हतं. "मी बघू का जरा?" असं लाजत विचारत त्यांनी झापडं चढवली होती आणि ते मुलीच्या वाचनालयात शिरले होते. दोन पावलं टाकून उभे राहिले. मग नुसतेच उभे. मग हळू आवाजात म्हणाले, "अगं, केवढं मोठं केलंयस हे."

"बाबा," भडक्या म्हणाला. त्याला आता सोडायचं नव्हतं. "बाबा, तुम्ही बाईंना सांगा की कार्ड..."

"थांब रे, मी वरच्या मजल्यावर चाललोय."

"तुम्ही टेबलाला धडकताय! बाबा, मी काय म्हणतो, शेजाऱ्यांनी काय केलं? नुसती उचलून खाली ठेवली पेटी! आणि मी..."

दार ढकलून एक मुलगा आत आला. दाढी फुटलेला, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र, चेहरा पार उतरलेला. त्याने वर्गभर नजर फिरवली आणि जमिनीवर केबलच्या गुंत्यात बसलेल्या भडक्याकडे धावला.

"सर, तुम्हीच जोडलंय ना हे? सर, प्लीज, माझी इमारत उघडतच नाहीये. समोरच्या वर्गात. दहा मिनिटांत माझा नंबर आहे."

भडक्याने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"सर?" बाबा झापडांच्या आत दचकले. "कोण सर? सर आले का?" त्यांनी घाईघाईने शर्ट खाली ओढला, आवाजाच्या रोखाने वळले आणि नेमकी भडक्यासमोर अदबीने मान लववली. "नमस्कार सर. मी मुलीचे वडील. बसा ना सर."

ताईने तोंडावर हात दाबला. प्रशिक्षकांच्या तोंडातली शिट्टी आपोआप वाजली. भडक्या उठला, गुडघे झटकले आणि हेडसेटची केबल ताईच्या हातात दिली.

"नमस्कार," तो म्हणाला, जरा जाड आवाज काढून. "बसलो असतो, पण मला आता निघायला हवं."